बंद वाटांचा पावसाळा

पाऊस चांगला रुळला की आमच्याकडे डोंगर बंद होतात. यंदाही आदेश निघाला. धबधब्यांकडे जायला मनाई, धरणाच्या अंगाला मनाई, अमक्या किल्ल्याची वाट दरडीमुळे पुढची सूचना मिळेपर्यंत बंद. त्या कागदाचा फोटो आमच्या बेलवलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून फिरतो आहे. खाली कुणीतरी विचारलंय, "शैलाताई, मग चालू काय आहे?"

मी गॅलरीत उभी आहे. रुळांच्या पलीकडे, दूर, टवलीचा डोंगर असायला हवा. तिथे आत्ता नुसता ओला करडा रंग आहे. खालच्या मजल्यावर कुणीतरी सुके बोंबील भाजतंय. दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही दमटच. हवेला शेवाळाचा आणि गंजलेल्या ग्रिलचा मिळून एक वास आहे. बदलापुरात जुलै म्हणजे हा वास. तो आला की माझे पाय आपोआप बुटांकडे वळायचे. अजूनही वळतात. पण आता आधी खात्री करून घ्यावीशी वाटते. वाट बंद आहे हे शब्द कुठेही वाचले की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो, कोण म्हणतंय? पावसाचा किंवा दरडीचा विचार त्यानंतर.

असं होण्यामागे काही वर्षांपूर्वीचा एक पावसाळा आहे.

आम्ही तिघी होतो. मी, प्रतिभा आणि भारती. प्रतिभा आणि मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत शेजारशेजारच्या टेबलांवर काम करत आलो. लग्नाआधीपासून. तिच्या मुलीच्या बारशाला मी पाळण्याची दोरी धरली होती, माझी आई गेली तेव्हा घरातली चूल तिने सांभाळली होती. भारती उल्हासनगरची, सिंधी. तिचं ड्रेस मटेरियलचं दुकान. आमच्या कंपनीचे ॲप्रन तिच्याकडून शिवून यायचे. एकदा मापं चुकली म्हणून भांडायला गेलो आणि तिने कोकी, म्हणजे त्यांची ती कांद्याची जाड पोळी, आणि पापड खाऊ घालून आम्हाला मैत्रिणी करून परत पाठवलं. डोंगराचं वेड मुळात प्रतिभाचं. आम्हाला तिनेच लावलं.

सुरुवातीला सगळे जातात तिथेच आम्ही जायचो. मग बंद्या सुरू झाल्या. दर पावसाळ्यात काही ना काही बंद. लोक चिडायचे, आम्हीही चिडलो. पण नंतर लक्षात आलं, या बंद्यांनीच आम्हाला डोंगर दाखवला. धबधब्याची वाट बंद म्हणून मागच्या सोंडेने गेलो, तर सड्यावर, वरच्या कातळी सपाटीवर, कमरेएवढा तेरडा. किल्ल्याची वाट बंद म्हणून पायथ्याच्या पाड्यातून गुरांच्या वाटेने चढलो, तर करवंदीच्या जाळ्यांतून अशी एक मोकळी जागा लागली की तिथून ढग खाली आणि आपण वर. मोठ्या वाटा बंद झाल्या नसत्या तर या छोट्या वाटा आम्हाला कधी भेटल्याच नसत्या.

बेत ठरायचा गुरुवारी संध्याकाळी, भारतीच्या दुकानात. गिऱ्हाईक ओसरलं की ती शटर अर्धं खाली ओढायची, काउंटरवरचे तागे बाजूला सारायची आणि शिंप्याच्या खडूने लाकडावरच डोंगर काढायची. बाहेर कॅम्पातल्या रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न, चिखल, समोशाच्या तेलाचा वास. आत नव्या कापडाची खळ आणि आमचा डोंगर. प्रतिभाचा एक मावसभाऊ वनखात्यात होता. कुठली वाट खुली, कुठे चौकीवर अडवतात, कुठे दुपारनंतर सोडत नाहीत, ते त्याला आणि गावातल्या ओळखीच्यांना फोन करून काढायचं काम तिचं.

"ओढ्याकडून बंद," ती खडूच्या रेषेवर बोट ठेवून म्हणायची. "सड्याकडून चालू. पण आदल्या रात्री जोराचा झाला तर तेही नको."

"तो फिर सड्याकडूनच," भारती म्हणायची. "मी कोकी आणते. शैला, तू तुझं ते मेथकूट आण."

झालं. बेत पक्का. रविवारी सकाळी वांगणी स्टेशनबाहेर भेटायचं आणि तिथून रिक्षाने डोंगराखालच्या पाड्यापर्यंत. आमच्या लाडक्या वाटेच्या तोंडाशी हिराबाईचं घर. कुडाच्या भिंती, पुढे ताडपत्रीचा आडोसा, त्यात चूल. तिथे चहा घ्यायचा, वर जायचं, उतरताना पुन्हा चहा. हिराबाई आमच्या बुटांकडे बघून हसायची. "एवढे जड घालून कशाला चडताव, पाय मोडल ना," म्हणायची.

त्या पावसाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात चंदेरी किल्ल्यावरून उतरताना मला चक्कर आली. साधी चक्कर नव्हे. पायाखालचा कातळच कुणीतरी ताटासारखा फिरवावा तशी. मी डोळे मिटून खडकाला चिकटले. प्रतिभाने माझा हात धरला, भारतीने खालून पाऊल धरून एकेका खाचेत ठेवलं. खाली येईपर्यंत सूर्य कलला होता. डॉक्टर म्हणाले, कानातल्या तोलाचा बिघाड, बरा होतो. औषधं घेतली, मान वळवण्याचे व्यायाम केले. उन्हाळाभर पहाटे नदीकडच्या रस्त्याने चालले. मे संपेपर्यंत मी बरी होते. डॉक्टरांनी चढायची परवानगी दिली, त्या दिवशी मी पहिला फोन प्रतिभाला केला. ती म्हणाली, "वा! मग या पावसाळ्यात जाऊ या."

तो पावसाळा असा सुरू झाला.

पहिल्या गुरुवारी तिचा फोन आला. भारतीचं दुकान आवरायला काढलंय, तेव्हा तिथे जमायला नको, फोनवरच ठरवू. आणि ठरवायला तसं काही नाहीच, आपली वाट बंद आहे.

"का गं?"

"दरड आलीय, दुसऱ्या वळणावर. वनखात्याने दोरी बांधलीय."

पुढच्या आठवड्यात दोरी होतीच, शिवाय चौकीवर पोलीस बसले होते. त्याच्या पुढच्या आठवड्यात झाडं लावण्याचा कार्यक्रम होता म्हणून कुणाला सोडत नव्हते. मग ओढ्यावरचा साकव वाहून गेला. प्रत्येक वेळी ती इतकी हळहळून सांगायची की मीच तिची समजूत काढायची. "जाऊ दे गं प्रतिभा. डोंगर कुठे पळून जातोय?" कंपनीत डबा खाताना आम्ही दोघी मिळून त्या पावसाला नावं ठेवायचो. "सगळंच बंद करून ठेवलंय मेल्यांनी," असं ती म्हणायची आणि मी माझ्या डब्यातलं लोणचं तिच्या पोळीवर वाढायची.

रविवार घरी जायचे. सकाळी जाग यायची ती सवयीनेच लवकर. मी बूट काढून पुसायची, पुन्हा खिडकीत ठेवायची. मेथकूट केलेलं असायचं. ते भातावर घेऊन गॅलरीत बसून खायची. समोरचा डोंगर क्षणभर उघडा पडायचा, त्याच्या अंगावरून पाण्याच्या बारीक पांढऱ्या रेघा उतरताना दिसायच्या आणि पुन्हा ढग. मला वाटायचं, तिथे आत्ता कुणीच नाही. आम्हालाच जाता येत नाही तर कोण असणार? नुसता पाऊस आणि तेरडा. आपल्यावाचून डोंगर एकटा पडला असेल अशीही एक वेडी माया त्यात होती.

एका मंगळवारी भारती अचानक घरी आली. हातात पिशवी. "मार्केटमध्ये कंटोळी मिळाली. तुला आवडते ना?" काटेरी, हिरवीगार, देठाशी अजून माती असलेली कंटोळी. मी तिला बसवून चहा दिला. ती नेहमीसारखी बोलत नव्हती. चहा अर्धा ठेवून उठली. मला वाटलं, दुकानाचा काही घोर असेल. संध्याकाळी मी ती कंटोळी कांद्यावर परतली आणि नवऱ्याला म्हटलं, "उल्हासनगरच्या बाजारात इतकी ताजी मिळतात बघ."

श्रावण लागला होता. कंपनीला सुट्टी असलेल्या एका दिवशी मला वांगणीजवळच्या एका रोपवाटिकेतून अनंताचं झाड आणायचं होतं. काम लवकर उरकलं. ऊन पडलं होतं, भाताची खाचरं चकचकत होती. वाटलं, चढायला नाही तर नाही, निदान ती दोरी तरी बघून येऊ. साकव कसा वाहिला ते बघू. हिराबाईला भेटून बरेच दिवस झाले होते. झाड रोपवाटिकेतच ठेवून मी रिक्षा केली.

दोरी नव्हती. पोलीस नव्हते. ओढ्यावरचा साकव होता तसा होता, त्याच्या फळ्यांवर एक म्हैस उभी होती.

मी पहिल्यांदा काय विचार केला असेल? वाट आजच उघडली असणार. प्रतिभाला सांगितलं पाहिजे. मी फोन काढलासुद्धा. रेंज नव्हती.

हिराबाई चुलीपुढे बसली होती. मला बघून तिचा चेहरा फुलला. "आगो बाय! बऱ्या झाल्या का तुमी?"

"मला काय झालंय?"

"त्या दोगी म्हनल्या, तुमाला लय बरं नाय. उठाया बसाया व्हत नाय. म्या म्हनलं, देवा, एवढी चालनारी बाई." तिने फडक्याने पाट पुसून पुढे केला. "ऐतवारी आल्या तवाबी इचारलं त्यांना. आन तुमच्यासाटी कंटोली दिलती. गावली का?"

मी पाटावर बसले. चुलीतल्या ओल्या लाकडाचा धूर डोळ्यांत जात होता ते बरं झालं.

"दर रविवारी येतात?" मी विचारलं.

"कवा चुकतान? या पावसात एक येल चुकल्या असतील. तुमच्या त्या शेलाट्या बाई पुडं, आन त्या जाड्या शिंदी बाई मागं. वर जातान, खाली येतान, चा घेतान." मग तिला काहीतरी जाणवलं. ती हातातली फुंकणी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "तुमाला ठाव नव्हतं?"

मी नाही म्हणून मान हलवली. तिने चहा ओतला, त्यात साखर जास्तीची घातली.

चहा पिऊन झाल्यावर मी म्हटलं, "मी वर जाऊन येते."

"एकल्या नका. मलाबी गुरं बगाया जायाचंच हाय."

आम्ही चढलो. ती अनवाणी, मी चपलांवर. दुसऱ्या वळणावर दरड नव्हती. कधी पडल्याची खूणही नव्हती. तिथे दगडाला टेकून मी थोडा वेळ उभी राहिले, दमले म्हणून नव्हे. इतक्या बारकाईने सांगितलेलं खोटं मी पहिल्यांदाच डोळ्यांनी बघत होते. दोरी, पोलीस, झाडं, साकव. एकेक गोष्ट तिने विचार करून उभी केली होती. डोंगर बंद, असं नुसतं सांगूनही मी मानलं असतं.

वर सड्यावर तेरडा आला होता. वारा आला की सगळा उतार एकदम गुलाबी व्हायचा, मग पुन्हा हिरवा. ढग खालून वर सरकत होते. आमच्या त्या मोकळ्या जागेवर गवत दबलेलं होतं, दोन माणसांनी बसावं इतकंच. डोकं गरगरलं नाही. पाय लटपटले नाहीत. मी खाली दरीत बघितलं, मुद्दाम, पुष्कळ वेळ. काही झालं नाही. मला चालता येत होतं. तेवढं बघून मला रडू फुटलं. हिराबाई लांब जाऊन गुरांना हाका मारत राहिली.

पुढच्या गुरुवारी प्रतिभाचा फोन यायच्या आत मी उल्हासनगरला गेले. दुकान आवरायला काढलेलं नव्हतं. शटर अर्धं खाली होतं. आत दोघी काउंटरवर वाकलेल्या, आणि लाकडावर खडूचा डोंगर.

भारतीने तळहाताने डोंगर पुसायला सुरुवात केली.

"पुसू नकोस," मी म्हटलं. "कुठली वाट आहे ते बघू दे."

"शैला, बस आधी," प्रतिभा म्हणाली.

"कंटोळी छान होती, भारती."

भारती रडायला लागली. "मैंने बोला था इसको. पहिल्या दिवशीच बोलले होते, सांगून टाकू. कसम से, शैला."

"मग सांगितलं का नाहीस?"

मी प्रतिभाकडे वळले. ती सरळ उभी होती. तिचा चेहरा मला इतक्या वर्षांत पाठ झाला होता. तिला भीती वाटली की ती हनुवटी वर करायची. तशी तिने केली होती.

"तुला चक्कर आली तेव्हा तुझे डोळे मिटलेले होते," ती म्हणाली. "माझे उघडे होते. तुझा हात माझ्या हातातून निसटत होता. घामाने. मी काय बघितलं ते तुला माहीत नाही. पुन्हा तसं झालं असतं तर तुझ्या नवऱ्याला मी काय सांगायचं होतं?"

"मला बरं वाटतंय, डॉक्टर हो म्हणालेत, हे मी तुला सांगितलं होतं."

"डॉक्टर वर येत नाहीत, शैले."

"मग तसं म्हणायचंस. 'शैला, मला भीती वाटते, तू येऊ नकोस.' मी भांडले असते, रुसले असते. आठ दिवसांनी ऐकलंही असतं. दरड कशाला पाडलीस?"

बाहेर कुणीतरी शटर वाजवून "दुकान बंद क्या?" असं विचारलं. भारतीने आतूनच "बंद, बंद" म्हटलं.

मग प्रतिभा हळू आवाजात म्हणाली, "पहिल्या रविवारी खरंच भीतीपोटी सांगितलं नाही. नंतर..." ती थांबली. "नंतर सोपं वाटायला लागलं. भरभर चालता यायचं. मागे वळून बघावं लागायचं नाही. आणि मग तुला सांगायचं कसं, ते कळेना."

आजवर मी त्या संध्याकाळचा पुष्कळ विचार केला आहे. भीतीचं मी केव्हाच माफ केलं. भीती प्रेमातूनही येते, हे मला कळतं. 'सोपं वाटायला लागलं' हे दुसरं वाक्य मात्र गळ्याखाली उतरत नाही. खोटं तिथे नव्हतंच. त्या सबंध पावसाळ्यात प्रतिभाने मला सांगितलेली खरी गोष्ट ती एकच, आणि मला सगळ्यांत जास्त लागली तीच. मी कुणाला तरी ओझं झाले होते आणि त्या ओझ्याला डब्यातल्या पोळीवर लोणचं वाढायला लावलं जात होतं.

मी निघून आले. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, छत्री दुकानात राहिली. परत गेले नाही. भिजले.

कंपनीत आमची टेबलं शेजारीच राहिली. ती "काल भट्टीचा नमुना आला का?" विचारायची, मी "आला" म्हणायची. डबा मी लवकर खाऊन घ्यायला लागले. तिने दोनदा समोरासमोर माफी मागितली, एकदा दिवाळीला घरी येऊन. मी फराळ पुढे केला, तिने चकली खाल्ली, माझ्या नवऱ्याशी गप्पा मारल्या. दाराशी तिने माझा हात धरला. मीही धरू दिला. पण हात हातात असून काहीच पोचत नाही, असं होतं कधीकधी. वर्षभराने तिने नोकरी सोडली. भारती मात्र येत राहिली; रडून, भांडून, तिने स्वतःला माझ्या घरात पुन्हा बसवून घेतलं. तिच्याशी मी बोलते. तिने दिलेली भाजी खाते. कुठून आणली, हे मात्र विचारते.

लोक म्हणतात, दुखावलेलं माणूस डोंगरावर जाऊन शांत होतं. माझं तसं झालं नाही. मला कित्येक महिने डोंगराचाच राग येत होता. त्यांना त्याने येऊ दिलं, त्या वेळी माझी उणीव त्यालाही भासली नाही, असा खुळा राग. पण पाय थांबेनात. सोसायटीतल्या दोघी-तिघी म्हणाल्या, "शैलाताई, आम्हाला न्याल का?" कुणाचं वजन जास्त, कुणाला दम लागतो. मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं, जिला जमणार नाही तिला मी तोंडावर सांगेन, आणि तुम्हीही मला सांगायचं. त्या हसल्या. मी हसले नाही. वाटांची चौकशी आता मीच करते. वनखात्याला फोन करते, पाड्यातल्या दोघांना करते, आणि तरीही आदल्या दिवशी जमलं तर स्वतः जाऊन बघून येते. नवरा म्हणतो, "एवढं कोण करतं?"

गेल्या श्रावणात सोसायटीतल्या आम्ही बायका त्याच जुन्या वाटेला गेलो होतो. सकाळी पाऊस नव्हता, पण वर घाटमाथ्याकडे काळं जमत होतं. करवंदीच्या जाळ्यांतून चढत असताना वरून एक लहानसा गट उतरताना दिसला. पुढे प्रतिभा होती. केस बरेच पिकलेले, हातात काठी. आम्ही समोरासमोर थांबलो. वाट इतकी अरुंद की एकीने बाजूला झाल्याशिवाय दुसरीला जाता येत नव्हतं.

"बरी आहेस?" तिने विचारलं.

"बरी आहे."

तिने माझ्या मागच्या बायकांकडे बघितलं. मग म्हणाली, "पुढे जाऊ नका, शैला. वरच्या ओढ्याला पाणी वाढलंय. दगड बुडालेत. आम्ही तिथूनच परत फिरलो."

माझ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. प्रतिभाची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. तिच्या बरोबरच्यांचे चेहरे उतरलेले होते. मला सगळं दिसत होतं.

"तुम्ही इथेच थांबा," मी माझ्या बायकांना म्हटलं. "मी बघून येते."

प्रतिभाने वाट सोडून जाळीत एक पाऊल मागे घेतलं, मला जाता यावं म्हणून. काटे तिच्या दंडाला लागले असतील. तिच्या इतक्या जवळून मी गेले की तिच्या केसांतल्या तेलाचा ओळखीचा वास आला. मी वर चढले. वळणापलीकडे आवाज यायला लागला, मग ओढा दिसला. मातकट, फेसाळ, दोन्ही काठ खात चाललेला. ज्या दगडांवरून आम्ही तिघी कितीदा उड्या मारत गेलो होतो, त्यांतला एकही दिसत नव्हता. मी काठाशी थोडा वेळ उभी राहिले. मग परत फिरले.

ती अजून तिथेच उभी होती. बाकीचे पुढे उतरून गेले होते. मी काय सांगते हे ऐकायला ती थांबली होती, की मी सुखरूप येते का ते बघायला, ते मला ठाऊक नाही.

मी माझ्या बायकांना म्हटलं, "चला खाली. पाणी खरंच वाढलंय."

ते 'खरंच' तिने ऐकलं. तिने मान हलवली, काठी टेकली आणि आमच्या पुढे उतरायला लागली.